वरून तेल टाकत राहा

आमच्या अंगणात, तुळशीपासून चार हातांवर, फरशीवर एक काळा डाग आहे. ताटलीएवढा. सोडा झाला, लिंबू झालं, डिझेल झालं, भांड्यांची पावडर झाली, पण तो काही जात नाही. आई त्याला 'तुझ्या गाडीची जागा' म्हणते. पाहुणे आले की मी मुद्दाम त्या डागावर चपला काढतो, म्हणजे तो दिसायला नको :)

आज त्या डागाबद्दलच लिहायचं आहे. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, पण विषय जरा अडचणीचा आहे. त्यात माझीच चूक आहे आणि स्वतःच्या चुकीबद्दल लिहिताना हात आखडतो.

आमची गाडी म्हणजे २००४ची मारुती ८००, दुसऱ्या हातानं घेतलेली. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली आणि २०१४च्या जानेवारीत ८०० बंद झाली. त्या तीस वर्षांत आमच्यासारख्या किती मास्तरांनी 'चारचाकी' म्हणून पहिल्यांदा तिचंच दार उघडलं असेल! तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं ते एवढंसं इंजिन. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं. आजच्या गाड्यांसारखं वरून प्लास्टिकचं झाकण घालून लपवलेलं काही नाही.

गाव आमचं धामणगाव बढे, मोताळा तालुक्यातलं, घाटाखालचं. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला 'घाटावर' आणि 'घाटाखाली' म्हटलं की सगळं कळतं. बाकीच्यांसाठी सांगतो, अजिंठ्याच्या डोंगररांगेनं आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केलेत. जिल्ह्याचं गाव वर आणि आम्ही खाली. कोर्ट, आरटीओ, मोठा दवाखाना, कशासाठीही बुलढाण्याला जायचं तर मोताळ्यावरून राजूर घाट चढायचा. रेल्वे पकडायची असेल तर उलटीकडे मलकापूर. त्यामुळे दारात गाडी असणं ही इथं चैन राहत नाही. आणि ती गाडी एकट्याची तर कधीच राहत नाही. गल्लीत कुणाला रात्री दुखायला लागलं की आधी तिच्या मालकाचं दार वाजतं.

तर या गाडीतून तेल गळायचं. सुरुवातीला आठवड्यातून एखादा थेंब. मग रोज. मग ताटलीएवढा डाग. एका गॅरेजमध्ये दाखवली (नाव सांगत नाही, आणि खरं तर दोष त्याचा एकट्याचा नाहीच). त्यानं खाली वाकून बॅटरी मारली, बोटानं तेल पुसलं, वासही घेतला आणि म्हणाला, "मास्तर, गाडी म्हातारी झाली. तेल तर गळणारच. कायले इंजिन खोलता? वरून टाकत राहा." मग लाल सिलिकॉनची ट्यूब काढून बाहेरून इकडेतिकडे थोपटली. मला हे एकदम पटलं. का पटलं? कारण ते सोपं होतं आणि स्वस्तही वाटत होतं. आमच्याकडे बुलेटवाले एक जुना विनोद सांगतात, तेल गळतंय म्हणजे आत तेल आहे, गळायचं थांबलं की काळजी करा. मीही तो विनोद चार जणांना सांगितला.

दोन वर्षं मी वरून तेल टाकत राहिलो. महिन्याला अर्धा लिटर. डिकीत डबा ठेवलेलाच होता. दर रविवारी तेलाची पट्टी काढून बघायची, फडक्यानं पुसायची, पुन्हा बुडवायची, कमी असेल तर ओतायचं. याला मी 'गाडीची काळजी घेणं' म्हणत होतो!

२०२३च्या जुलैमध्ये, रात्री साडेदहाच्या सुमारास शेजारच्या काकूंकडून हाक आली. काकू घरात एकट्याच असतात, मुलगा चाकणला कंपनीत. संध्याकाळपासून हाताला मुंग्या येत होत्या म्हणे. झोपल्यावर जाईल म्हणून त्या पडून राहिल्या होत्या. मी गेलो तेव्हा तोंड एका बाजूला झुकलेलं, बोलणं जड. बायकोनं त्यांना मागच्या सीटवर मांडीवर घेतलं आणि आम्ही निघालो. पाऊस रिपरिप होता. मोताळा मागे टाकलं, घाट लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडीचा दम गेला. ॲक्सिलरेटर दाबतोय तर नुसती फुरफुर. मग बंदच. स्टार्टर मारला तर इंजिन गरगर फिरतं, पण पेट घेत नाही. त्या आवाजात नेहमीची ती दमदार उचल नव्हती, रिकामा रहाट फिरावा तसा आवाज.

राजूर घाटात, पावसात, रात्री अकरा वाजता, मागं काकू. एक तास दहा मिनिटं. घड्याळ मी पाहत होतो म्हणून सांगू शकतो. शेवटी भाजीचा एक छोटा हत्ती आला, त्याच्या मागच्या क्रेट बाजूला सारून, वर ताडपत्री धरून आम्ही काकूंना बुलढाण्याला नेलं.

मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर ती विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, पण ते पहिल्या साडेचार तासांत. आम्ही पोचेपर्यंत ती वेळ टळली होती. काकूंना मुंग्या नेमक्या किती वाजता सुरू झाल्या हे त्यांनाही नीट सांगता येईना, त्यामुळे तो एक तास असता तर काय झालं असतं, हे कुणीच सांगू शकत नाही. काकू वाचल्या, चालतात, बोलतात. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांनी मला आजवर एक शब्द बोलून दाखवलेला नाही. उलट "तू होतास म्हणून" असंच म्हणतात. ते ऐकताना मला काय वाटतं ते लिहीत नाही.

असो.

गाडी ट्रॅक्टरला बांधून घरी आणली आणि महिनाभर तशीच उभी राहिली. विकून टाकावी असं बायको म्हणाली. भंगारवाला येऊनही गेला. पण मला आधी जाणून घ्यायचं होतं की त्या रात्री नेमकं झालं काय. गावात एक मामा आहेत, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. हात आता थरथरतात, म्हणून पाना धरत नाहीत. ते म्हणाले, "मी बाजेवर बसतो, तू कर. मात्र धुतल्याशिवाय काही बोलायचं नाही."

हे 'धुतल्याशिवाय बोलायचं नाही' मला फार उशिरा कळलं. तेल जिथं टपकतं तिथून ते गळत असतंच असं नाही. ते वरून कुठून तरी निघतं, वाऱ्यानं मागं सरकतं, कडेकडेनं उतरतं आणि सगळ्यात खालच्या नटावरून टपकतं. त्या थेंबाकडे बघून निदान करणं म्हणजे गळक्या छताखाली बादली कुठं ठेवली ते बघून कौल बदलण्यासारखं. म्हणून आधी इंजिन डिझेलनं घासून धुतलं, कोरडं केलं. मग मामांनी आईची टाल्कम पावडर मागवली आणि इंजिनावर भुरभुरली. आई बघतच राहिली. पंधरा-वीस मिनिटं इंजिन फिरतं ठेवलं की पावडरीवर तेलाची वाट उमटते, असं मामा म्हणाले. पण आमचं इंजिन चालू कुठं होतं? म्हणून मग झाकणं खोलूनच पाहावं लागलं. पावडरीचा उपयोग शेवटी झाला, काम झाल्यावर.

टायमिंग बेल्टचं झाकण काढलं आणि त्या रात्रीचं उत्तर समोर आलं. क्रँकच्या टोकाला, बेल्टच्या बरोबर मागे एक रबरी सील असतं, वर कॅमच्या टोकालाही तसंच एक. दोन्ही कडक होऊन चिरली होती. त्यातून निघालेलं तेल दोन वर्षं बेल्टवर उडत होतं. बेल्ट फुगून मऊ पडलेला, नखानं रबर निघत होतं आणि खालच्या पुलीपाशी सात-आठ दाते साफ झाले होते. म्हणजे खाली क्रँक फिरत होता, पण वर कॅमपर्यंत हुकूम पोचत नव्हता.

वर मी जो अर्धा लिटर तेल ओतत होतो ते कुठं जात होतं? फरशीवर थोडं, आणि उरलेलं या बेल्टच्या मुळाशी.

बेल्ट नेमकं काय करतो हे मला आईच्या शिलाई मशिनवरून कळलं. मी मामांना विचारत होतो आणि आई मधेच म्हणाली, "अरे, सुई खाली येते तेव्हा शटलचं टोक तिथं हजर पाहिजे. मागंपुढं झालं की टाका सुटतो. फारच चुकलं तर सुई मोडते." मामा खूश! इंजिनाचं अगदी हेच आहे. खालचा क्रँक दोन वेळा फिरला की वरचा कॅम एकदा फिरला पाहिजे, म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते. क्रँक मिनिटाला ३,००० फेऱ्या मारत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला १,५०० वेळा, म्हणजे सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, तोही ठरल्या क्षणी. एक-दोन दाते चुकले तर गाडी दम टाकते. काही इंजिनांत तर पट्टा तुटला की उघड्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. आईच्या भाषेत सुई मोडते. आमचे व्हॉल्व्ह वाचले, हे नशीब.

नंतर वाचताना एक गंमत कळली. असा दातांचा रबरी पट्टा पहिल्यांदा निघाला तोच मुळी शिलाई मशिनसाठी, अमेरिकेत, १९४०च्या दशकात. कारखान्यात बनणाऱ्या मोटारीच्या इंजिनात तो बसला १९६२च्या सुमारास, ग्लास नावाच्या एका जर्मन कंपनीच्या छोट्या गाडीत. म्हणजे आईनं दिलेली उपमा ही उपमा नव्हतीच, तो इतिहास होता.

आता दुरुस्तीबद्दल. मी इथं नट-बोल्टांची यादी देत नाही, ती मोबाईलवर व्हिडिओत सापडते. व्हिडिओत जे मागे पडतं तेवढं सांगतो.

एक, सील का फुटलं हे विचारल्याशिवाय नवं सील बसवू नये. इंजिनाच्या पोटात साचणारा वायू बाहेर काढणारी एक ब्रीदरची नळी असते. ती काजळीनं तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. आमची नळी इतकी तुंबली होती की तार घालून साफ करावी लागली. नुसती सीलं बदलली असती तर तीही वर्षभरात गेली असती. वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंगही वाळून लाकूड झालं होतं, तेही बदललं.

दोन, बेल्ट बदलायला एवढं खोलतोच आहोत तर दोन्ही सीलं आणि टेन्शनर तेव्हाच बदलावेत. आणि सील बदलताना तेल प्यालेला बेल्ट 'अजून चालेल' म्हणून परत चढवू नये. तेल आणि बेल्ट हे दोन वेगळे आजार आहेत असं मी समजत होतो. एकानं दुसऱ्याला मारलं होतं.

तीन, नवा बेल्ट हातात मुडपून बघू नये. रबराच्या आत काचेच्या धाग्यांचे दोर असतात, घडी पडली की ते तुटतात आणि बाहेरून दिसत नाही. आणि बेल्टचं आयुष्य नुसतं किलोमीटरवर मोजू नये. पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी भरेल ते धरायचं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीचंही रबर म्हातारं होतं.

माझ्या चुकाही झाल्या. पहिलं सील तिरकं ठोकलं, त्याची कड दुमडली, ते फेकलं. दुसऱ्या वेळी मलकापूरहून आणलं आणि ओठाला तेल लावून, त्याच मापाचा पाइपाचा तुकडा वर ठेवून, हळूहळू चौफेर ठोकत बसवलं. बेल्ट चढवून खुणा जुळवल्या, मी खूश, चावी फिरवायला निघालो. मामा बाजेवरून ओरडले, "आधी हातानं!" पान्यानं क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवला आणि खुणा पाहिल्या तर वरची एक दाता पुढे. टेन्शनर आवळताना बेल्ट सरकला होता. पुन्हा सोडला, पुन्हा जुळवला, पुन्हा दोन फेरे. तिसऱ्या खेपेला जमलं. हे हाताचे दोन फेरे फुकटचे आहेत, पण ते न केल्यामुळे किती इंजिनांचं वाटोळं झालं असेल कोण जाणे.

चार रविवार गेले. बेल्ट, टेन्शनर, दोन (खरं म्हणजे तीन) सीलं, पॅकिंग मिळून खर्च दोन हजारांच्या आत. दोन वर्षांत वरून ओतलेलं तेल होतं बारा लिटर, म्हणजे साडेचार हजारांच्या घरात. मी पैसे वाचवत होतो ना!

मला वाटतं ते आता सांगतो. आपल्याकडे 'जुगाड' या शब्दाचं फार कौतुक होतं. गरिबाची अक्कल, देशी डोकं वगैरे. काही जुगाड खरंच डोक्यानं केलेले असतात, नाही असं नाही. पण माझ्या पाहण्यातले बरेचसे जुगाड हे 'उद्या बघू'चं गोंडस नाव आहेत. दुरुस्ती करणारा माणूस आधी विचारतो की हे का झालं. जुगाड करणाऱ्याला एवढंच हवं असतं की आजचा दिवस निघावा. सिलिकॉन थोपटणं आणि वरून तेल टाकणं यानं माझा रोजचा दिवस निघत होता. एक रात्र निघाली नाही.

कुणी म्हणेल, खेड्यात दुसरं काय करणार? तर खेड्यानंच आपल्याला उलटं शिकवलेलं आहे. माझे आजोबा बैलगाडी जुंपायच्या आधी चाक काढून आसाला वंगण घालायचे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबत असायचं. चाक करकरायला लागण्याची वाट ते बघत नसत, आणि आस झिजला असेल तर नुसतं जास्त वंगण ओतून गाडी हाकत नसत. तो माणूस शाळेत गेला नव्हता. मी विज्ञान शिकवतो.

दुसरीकडे, 'सगळं घरीच करा' असंही मला म्हणायचं नाही. घरी करावं ते यासाठी की एकदा तरी आत काय आहे ते डोळ्यांनी दिसतं आणि मग गॅरेजवाल्याला प्रश्न विचारता येतो. पण नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, खाली घोडी किंवा भक्कम लाकडी ठोकळे हवेतच. ब्रेकच्या कामाला मी आजही हात लावत नाही. आणि शेजारी मामांसारखं कुणी नसेल, तर पहिल्यांदाच बेल्टला हात घालू नये. व्हिडिओ बाजेवरून ओरडत नाही.

आणखी एक. काढलेलं जुनं तेल आमच्याकडे लोक सरळ नालीत सोडतात, नाहीतर वाळवीसाठी लाकडांना फासतात. मीही पूर्वी सोडलं आहे. ती नाली पुढं कुठं जाते हे शाळेत पोरांना फळ्यावर काढून दाखवणारा मी! आता कॅनमध्ये साठवतो आणि मलकापूरला जुनं तेल घेणाऱ्याकडे देतो.

गाडी आता चालते. पावडर टाकून अर्धा तास फिरवली तेव्हा इंजिन पांढरंच राहिलं. रोज रात्री तिच्याखाली जुना पेपर पसरायची सवय लावून घेतली आहे, सकाळी चहाच्या आधी तो काढून बघायचा. काकूंना दर महिन्याला तपासणीला बुलढाण्याला नेतो. त्या आता पुढच्या सीटवर बसतात. घाट लागला की मी गप्प होतो आणि त्या मात्र खिडकीतून बघत शेतातलं, मुलाचं, सुनेचं बोलत राहतात. ते वळण आलं की थांबत नाहीत. मला वाटतं, मुद्दामच.

परवा सकाळी पेपरवर एक थेंब दिसला. चवलीएवढा. मनात पहिला विचार काय आला सांगू? 'एकच तर आहे, रविवारी बघू.' इतकं सगळं होऊनही! तेवढ्यात आई बाहेर आली, तिनं पेपरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत जाऊन टाल्कम पावडरचा डबा आणून हातात दिला.

त्या दिवशी शाळेत अर्धा तास उशिरा पोचलो. ड्रेनचा बोल्ट सैल होता, वायसर बदलला.